साहित्याच्या यादीतला वेळ

पाककृतीच्या पुस्तकात वेळ दोन ठिकाणी असतो. एक कृतीत, उघडपणे सांगितलेला: इतकी मिनिटे परतावे, दोन वाफा आणाव्यात. दुसरा साहित्याच्या यादीत, आणि तो आकड्यांत लिहिलेला नसतो. ‘भिजवलेली’ हरभऱ्याची डाळ, ‘खोवलेला’ नारळ, ‘भाजलेल्या’ दाण्यांचे कूट, ‘निवडलेली’ मेथी. या प्रत्येक विशेषणामागे आधीच उरकलेले एक काम आहे आणि पुस्तक ते हिशेबात धरत नाही. कामावरून साडेसहाला घरी आलेला माणूस वीस मिनिटांची म्हणून कोबीची भाजी निवडतो, आणि डाळ भिजलेलीच नाही हे त्याला ओट्यापाशी कळते. म्हणून कृतीच्या आधी यादी वाचावी, आणि यादीतही आधी ही विशेषणे.

त्यांतली काही कामे साठवून ठेवता येतात. दाण्याचे कूट डब्यात आठवडाभर सहज टिकते, खोवलेला नारळ फ्रीजरमध्ये त्याहून अधिक. गोडा मसाला तर वर्षाचा एकदाच होतो. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल वेगवेगळे भाजण्याचे कष्ट त्यात साठलेले असतात आणि रोजच्या आमटीला ते चमच्याने मिळतात. मेथी निवडायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात ती शिजते. ती रविवारी निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली तर दोन-तीन दिवस राहते. चिरलेला कांदा मात्र साठवू नये. त्याला उग्र वास येतो आणि तो भाजीत शेवटपर्यंत जात नाही. वाचलेली तीन मिनिटे त्या चवीच्या मोलाची नाहीत.

कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली आलेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत रुळवले. घरोघरची वाटी वेगळी असली तरी एकाच वाटीने सगळे मोजले की प्रमाण चुकत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, पिठल्यासाठी एक वाटी बेसनाला साधारण तीन वाट्या पाणी. अशी प्रमाणे चार-सहा वेळा केल्यावर हातात बसतात, आणि दमलेल्या संध्याकाळी पुस्तक उघडावेच लागत नाही. दोघांसाठी कृती निम्मी करताना फोडणीचे तेल मात्र निम्मे करून भागत नाही. मोहरी तडतडण्याइतके तेल कढईच्या तळाशी असावेच लागते. त्यासाठी कढई लहान घ्यावी.

पुस्तकात आमट्या एका प्रकरणात, भाज्या दुसऱ्यात, कोशिंबिरी तिसऱ्यात. पानात ते सगळे एका वेळी वाढायचे असते. कृती सुट्या करून पुन्हा गुंफण्याचे हे काम पुस्तक करून देत नाही, आणि लवकर स्वयंपाक होण्याचे खरे कौशल्य तिथेच आहे. तुरीच्या डाळीची आमटी, भात, कोबीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पोळ्या एवढा बेत घेऊ. ज्याला फक्त वाट पाहायची असते ते आधी. घरात पाऊल टाकल्याबरोबर तुरीची डाळ आणि मूठभर हरभऱ्याची डाळ वेगवेगळी गरम पाण्यात भिजत घालावी, मग हातपाय धुवावेत. कणीक भिजवून झाकून ठेवली की पंधरा-वीस मिनिटांत ती पाणी पिते, सैल होते, आणि पोळी लाटताना मागे ओढत नाही.

त्यानंतर कुकर. खालच्या डब्यात डाळ, हळद, हिंग आणि थेंबभर तेल, वरच्या डब्यात तांदूळ. दाबामुळे कुकरमधले पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात पाऊण तास घेणारी डाळ तीन-चार शिट्ट्यांत मऊ होते. चिंच या डब्यात घालू नये. आंबटात डाळ शिजायला हटते, म्हणून चिंच, गूळ आणि मसाला डाळ घोटल्यावर. शिट्ट्या झाल्यावर वाफ आपोआप जिरायला दहा मिनिटे लागतात. शिट्टी उचलून ती घाईने सोडली तर पाणी उतू जाते आणि भाताचे शीत मोडते. ही दहा मिनिटे भाजीची. बारीक चिरलेला कोबी आणि भिजलेली डाळ झाकण ठेवून तेवढ्यात होतात.

घाईत वेळ कापला जातो तो बहुधा फोडणीवर, आणि तिथेच तो कापायचा नसतो. फोडणीला मिनिट-दीड मिनिट लागते आणि सगळ्या जेवणाचा स्वाद त्यावर उभा असतो. हिंग-हळदीचा गंध तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही. वाटलेल्या मोहरीचा झणका पाण्याशी गाठ पडल्यावर तयार होतो. गरम तेलात तडतडलेल्या मोहरीत तो येतच नाही, तिथे खमंगपणा येतो. न तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते, म्हणून तेल तापेपर्यंत थांबावे. मोहरीमागून जिरे, हिंग, मग आच मंद करून हळद आणि तिखट, आणि लगेच भाजी. हळद जळली तर फोडणी टाकून नवी करावी. जळका वास कशानेही झाकत नाही. परदेशातल्या मराठी घरांत विजेची शेगडी असते. ती बटण फिरवल्यावरही तापलेलीच राहते, तिथे हळद घालण्याआधी कढईच उचलून बाजूला घ्यावी लागते.

तांबूस परतलेल्या कांद्याचे मात्र पुस्तकांनी नीट सांगायला हवे. पाच मिनिटांत कांदा फक्त पारदर्शक होतो, तांबूस व्हायला पंधरा लागतात. म्हणून कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची रस्सेदार भाजी सुट्टीच्या दिवसाची. मधल्या वारी शेवटी घालायच्या वस्तूंवर भिस्त ठेवावी: आमसूल, गूळ, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू. यांना शिजवत बसावे लागत नाही आणि चव भरून येते. तेवढेही बळ नसेल तेव्हा मुगाची खिचडी आणि कढी, किंवा पिठले-भात, हेही पूर्ण जेवण आहे.

ज्या पुस्तकाचा रोज उपयोग होतो त्याच्या समासात पेन्सिलीने लिहावे. कोणती डाळ सकाळीच भिजवायची, घरातली कोणती वाटी धरली, खरा वेळ किती लागला. दुसऱ्या खेपेला छापील कृतीइतकाच या नोंदींचा आधार होतो.

कुकर उतरला की एका शेगडीवर आमटीला उकळी आणि दुसरीवर तवा. आमटीला एक-दोन उकळ्या पुरतात. पोळ्या शेवटी, कारण थंड पोळी पुन्हा ताजी होत नाही. कोशिंबिरीची काकडी पोळ्यांआधी चोचवून ठेवावी, कूट आणि लिंबू जवळ असावे. मीठ पाने मांडल्यावरच घालावे. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते आणि कूट भिजून गोळा होते.