मोसम खोऱ्यातला माउथ ऑर्गन

काउबॉयपट म्हटले की जी शिट्टी कानात घुमते, ती अमेरिकेची नव्हे, इटलीची. एन्नियो मोरिकोने या संगीतकाराने सर्जिओ लिओने यांच्या 1964 सालच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’साठी ती योजली. मोठ्या वाद्यवृंदापुरते पैसे नव्हते. शिट्टी, गिटार आणि चाबकाचा फटकारा यांवर भागवावे लागले. दोन वर्षांनी आलेल्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’त त्याने एकच छोटी सुरावट तिघा पात्रांना वाटून दिली: एकाला बासरी, दुसऱ्याला ओकारिना, तिसऱ्याला माणसाचा आवाज. 1968 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये तर नायकाला नावच नाही, तो वाजवतो त्या वाद्यावरून सगळे त्याला ‘हार्मोनिका’ म्हणतात.

‘शोले’तले ठाकूर कुटुंबाचे हत्याकांड याच चित्रपटावरून बेतलेले आहे. राहुलदेव बर्मन यांनी संगीतात उचलली ती चाल नव्हे, रीत. गब्बरच्या वाट्याला बासू चक्रवर्तींचा चेलो आला, जयच्या वाट्याला माउथ ऑर्गन. तो वाजवला भानू गुप्तांनी. तिन्हीसांजेला वरच्या सज्जात राधा एकेक दिवा मालवत जाते, खाली पायरीवर बसलेला जय वाजवत राहतो. दोघांत एक शब्द होत नाही. हिंदी चित्रपटातले इतके संयत प्रेमदृश्य शोधावे लागेल. (‘शोले’ला एकच फिल्मफेअर मिळाले, तेही संकलक एम. एस. शिंदे यांना. संगीत कोरडेच राहिले.)

मुंबईत मिनर्व्हाला हा चित्रपट 70 मिमीच्या पडद्यावर, स्टिरिओ आवाजात पाच वर्षे चालला. गावोगावच्या यात्रांत तंबूतल्या टॉकीजला असला थाट कुठला? पण खरखरत्या भोंग्यातून शंभर व्हायोलिनांचा नुसता गोंगाट झाला असता. एकटा माउथ ऑर्गन स्वच्छ ऐकू येई. गरिबीतून निघालेली रीत गरिबांच्या थिएटरात टिकली, ती अशी.

अशीच रीत मोसम खोऱ्यातही दिसली. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात नामपूरवरून वाहणारी मोसम नदी पुढे मालेगावात गिरणेला मिळते. यंत्रमागांच्या त्या शहरात शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तो सुमारे 50,000 रुपयांत, व्हिडिओ कॅमेऱ्यावर, स्थानिक हौशी मंडळींना घेऊन. मालेगावची ही चित्रपटसृष्टी फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने जगापुढे नेली. त्यात मालेगावकरांनी सायकल आणि बैलगाडीवरून कॅमेरा फिरवलेला दिसतो. मोरिकोनेची अडचण या मंडळींना वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

2024 मध्ये रीमा कागती यांनी नासिर आणि त्यांच्या मित्रांवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट केला. त्याच्या निर्मात्यांत ‘शोले’चे सहलेखक जावेद अख्तर यांची दोन्ही मुले, झोया आणि फरहान, होती.