अथेन्स : माथा आणि पायथा

ज्येष्ठ वाचकहो, ग्रीसच्या या प्राचीन राजधानीत अक्रोपोलिसची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंच आहे. माथ्यावर इ.स.पूर्व ४४७ मध्ये आरंभिलेले पार्थेनॉन मंदिर आहे. असंख्य पावलांनी तेथील संगमरवर गुळगुळीत झाला आहे. तेव्हा न घसरणारी पादत्राणे घालावीत. उन्हाळ्यात सकाळीच जावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती प्यावे हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. चालणे अशक्य असलेल्यांसाठी उत्तर उतारावर लिफ्ट आहे. तीही नको असल्यास पायथ्याच्या संग्रहालयाच्या काचभिंतींतून पार्थेनॉन दिसते. दक्षिण उतारावर आरोग्यदेव अस्क्लेपियसचे स्थान आहे. रुग्ण तेथे रात्री निजत. स्वप्नात देव उपचार सांगतो, अशी श्रद्धा होती. सोबत जाणाऱ्यांनो, विश्रांती हाही तेथे उपचारच होता. ज्येष्ठांना घाई करू नका.