परकराची नाडी

सातव्या महिन्यात शाळेने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. गुन्हा असा की मी साडीऐवजी कुर्ता घालून वर्गावर गेले. कागदावर वरच्या बाजूला ‘गणवेश उल्लंघन’ असं ठळक छापलं होतं, खाली माझं नाव, आणि दोन दिवसांत उत्तर द्या अशी ताकीद. मुलगी आता शाळेत जायला लागली, तरी तो कागद आठवला की माझे कान गरम होतात.

बाकीचं थोडक्यात सांगते. माहेर देवास, सासर धार, नवरा इंदूरला नोकरीला. मी देवासच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. सोमवार ते शुक्रवार माहेरी, शनिवारी धारला. आमच्यासारखी मराठी घरं इकडे धार-देवासच्या पवार राजांच्या मागोमाग आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, बाजारात हिंदी, भांडताना दोन्ही.

आमच्या शाळेत शिक्षिकांना एकसारखी साडी. मोरपंखी रंग, चंदेरी काठ, कापड असं की काडी लागली तर वितळून अंगाला चिकटेल. खांद्यावर पिन, निऱ्यांवर पिन, पदर चार बोटांच्या घडीचा. खेळाचे सर मात्र दिवसभर ट्रॅक पँटमध्ये. त्यांच्या गणवेशाची चर्चा कुठल्याच बैठकीत झाल्याचं मला आठवत नाही.

गरोदरपणी साडी नेसून दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी सविस्तर सांगते. परकराची नाडी पोटाच्या वर बांधली तर खाल्लेलं घशाशी येतं. पोटाखाली बांधली तर निऱ्या सुटत जातात, मग फळ्याकडे तोंड करून त्या पुन्हा खोचायच्या आणि मागच्या बाकावरचं खुसखुसणं ऐकायचं. मध्ये बांधावी तर मध्ये बाळ. त्यात पोट पुढे आलं की साडी समोरून उचलली जाते. पुढे घोटे उघडे पडतात आणि मागे काठ टाचेखाली येतो. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. एका हाताने मागचा घोळ उचलायचा, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा. मग कठडा कोणत्या हाताने धरायचा? मार्च संपता संपता नाडीच्या जागी घामोळ्यांची लाल पट्टी उठली. रात्री खाजवून खाजवून तिथली कातडी सोलून निघायची.

डॉक्टरीणबाईंनी ती पट्टी पाहिली आणि चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहिलं : सैल, सुती कपडे. रक्त वाढलेलं असतं, अंगाला उष्मा जास्त जाणवतो, त्यात हे कापड वारा लागू देत नाही, असं त्यांनी नवऱ्याला नीट समजावलं. मला समजवायची गरज नव्हती.

ती चिठ्ठी घेऊन मी मोठ्या मॅडमकडे गेले. त्यांनी ती वाचली, पेपरवेटखाली ठेवली आणि मला पाणी दिलं. वाईट बाई नाहीत त्या. त्यांना स्वतःला दोन मुलं आहेत. म्हणाल्या, ‘‘साड़ी में सब ढँक जाता है, बेटा.’’ मोठ्या वर्गातली मुलं प्रश्न विचारतात, पालक येतात, कुर्त्यात ‘ते’ फार दिसतं. ते म्हणजे माझं पोट. मी त्याच मुलांना आठवीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा शिकवत होते.

मी कुर्ता घातलाच. खुलासा मागितला गेला, मी दिला. मग संस्थेच्या एका सदस्यांसमोर बसवण्यात आलं. त्यांनी सुरुवातच त्यांच्या आईपासून केली. आईने साडीतच गहू कापला, साडीतच सहा मुलं वाढवली, कधी तक्रार नाही. मी विचारलं, त्या शेतात पिना लावून जायच्या का? ते हसले नाहीत. मी 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याबद्दल बोलले. गरोदर बाईने मागणी केली तर शेवटच्या काही आठवड्यांत तिला फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, अशी तरतूद त्यात होती. कपड्यांबद्दल त्यात एक अक्षर नाही, हे मला माहीत होतं. दुर्दैवाने त्यांनाही माहीत होतं. 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली, तेव्हाही हा विषय कुणाला सुचला नाही. सुचणार तरी कसा?

शेवटी तोडगा निघाला. कुर्ता चालेल, पण वरून प्रयोगशाळेचा पांढरा एप्रन घालायचा, बटणं लावून. एप्रिलमध्ये. माळव्याच्या थंड रात्रींचं कौतुक सगळे करतात, दुपारी इथे वर्गातल्या पंख्याची हवासुद्धा चटका देते. एप्रनची मधली दोन बटणं लागेनात. मी ती उघडी ठेवून वर्गात उभी राहायचे, आणि दोन पांढऱ्या पाकळ्यांमधून जे डोकावायचं ते साडीपेक्षा, कुर्त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसायचं. त्यावर मात्र कुणाचा आक्षेप नव्हता. नियम पाळला गेला होता ना!

कुर्त्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इंदूरच्या मॉलमध्ये गरोदर बायकांसाठी खास दुकान आहे म्हणून हौसेने गेले होते. तिथे काय होतं, तर पोटावर ‘बेबी लोडिंग’ लिहिलेले टी-शर्ट, चिमुकल्या पावलांचे ठसे, आणि एक गुलाबी झगा, ज्यात मी चौथीच्या स्नेहसंमेलनातली परी दिसले असते. किंमत अशी, की घातला नाही तर पाप लागेल. मोठ्या मापाचे साधे कुर्ते घ्यावेत तर खांदे कोपराकडे निघालेले. पोट वाढतं, खांदे तेवढेच राहतात, ही गोष्ट तयार कपडेवाल्यांना कोण सांगणार?

सांगायला धारला आत्याबाई होत्या, माझ्या सासऱ्यांच्या बहीण. त्यांच्याकडे बागचं कापड पडून होतं. बाग आमच्याच धार जिल्ह्यात, कुक्षीजवळ. तिथले खत्री ज्यावर छापकाम करतात त्या कापडाला आधी मीठ, एरंडेल आणि चक्क बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवतात, मग हिरड्याचा हात देतात. लोखंडाच्या गंजातून काळा रंग, तुरटीतून लाल. नदीच्या वाहत्या पाण्यात धुवून, तांब्याच्या हंड्यात धावडीच्या फुलांबरोबर उकळून ते इतकं मऊ होतं, की नवं कोरं कापडही वापरलेल्यासारखं अंगाला लागतं. काळ्या-लाल बुट्ट्यांचं ते कापड मला आधी म्हातारं वाटलं होतं. आत्याबाईंनी त्याला छातीच्या वर योक दिला, खाली बारीक चुण्या सोडल्या, दोन्ही कडांना चांगली चार बोटं माया ठेवली. ‘‘महिन्याला एक टाका उसव,’’ म्हणाल्या. योकच्या चुणीत दोन चेन अशा लपवल्या, की नंतर बाळाला पाजताना कुर्ता वर करायला नको. सलवारीला नाडी नाहीच. मामंजींचा जुना बनियन उभा कापून त्याचा वीतभर रुंद पट्टा लावला, पोटाखालून वर ओढून घ्यायचा. मी तो चढवला आणि तिथेच पलंगावर मांडी घालून बसले. कित्येक आठवड्यांत मला मांडी घालता आली नव्हती. सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘‘काय करून राहिलीस? रडून राहिलीस का?’’

आणि दिसतही छान होते हो मी त्यात. हे सांगायला बायका लाजतात. मला सुखाचे कपडे हवे होते तसेच छान दिसायचंही होतं. गाऊनमध्ये आठ महिने काढ, बाळंतीण झालीस की कर नट्टापट्टा, हा सल्ला ज्यांनी दिला त्या स्वतः हळदीकुंकवाला लिपस्टिक लावूनच आल्या होत्या. हे लाजणं जुनंच. 1904 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लीना ब्रायंट नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने गरोदर गिऱ्हाइकासाठी इलॅस्टिकच्या कमरेचा पोशाख शिवला. वर्तमानपत्रं त्याची जाहिरात छापायला तयार नव्हती, असल्या गोष्टी चारचौघांत दाखवतात का म्हणून. 1911 मध्ये एकाने छापली आणि दुकानातला सगळा माल उडाला. आमच्या संस्थेच्या सदस्यांना मी हे ऐकवायला हवं होतं. तेव्हा ते माहीत नव्हतं.

आता ज्यांना दिवस गेले आहेत त्यांच्यासाठी, कुणी विचारलेलं नसताना. घ्यायचे ते तीन-चारच कपडे घ्या, पण आतले कपडे नव्या मापाचे घ्या, तिथे काटकसर नको. काळ्या लेगिंग्जवर जीव टाकू नका, आपल्या हवेत त्या भाजून काढतात. चप्पल मागे पट्टा असलेली, वाकून बांधायला न लागणारी. परकर नेसायचाच असेल तर दोरीसारखी नाडी काढून सुती पट्टी ओवा, आणि रोज एकाच रेषेवर बांधू नका.

नाडीचं मी उगाच बोलत नाही. देवासला माझी आजी आहे, आईची आई. तिची सगळी बाळंतपणं लुगड्यात झाली. माझी साडीविरुद्धची बडबड ऐकून ती म्हणायची, लुगड्यासारखं सुख नाही, पोट वाढेल तसं सैल करावं, काष्टा घातला की जिना काय, झाडावर चढ. मलाही ते पटलं होतं. वाटलं, जुन्या बायकांना सगळं कळत होतं, आपणच पिना लावून घोळ घातला. मग एकदा तिला न्हाऊ घालताना तिची कंबर पाहिली. सगळ्या कमरेभोवती दोन बोटं रुंद, काळा, जनावराच्या खुरासारखा कडक पट्टा. हात लावला तर तिला कळलंसुद्धा नाही. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेच्या अशाच जागी झालेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या दोन नोंदी ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दिल्या. एक बाई सत्तरीची, दुसरी साठीची, दोघींचं आयुष्य कमरेला आवळून बांधण्यात गेलेलं. फार क्वचित होतं हे, घाबरून जाण्यासारखं नाही. आजीला डॉक्टरांना दाखवलं, तिचं काही नाही. पण ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य ऐकलं की मला ती कंबर दिसते.

एवढं सगळं बोलून झाल्यावर डोहाळजेवणाचं सांगायला हवं, नाहीतर सासरचे म्हणतील सोयीस्कर विसरली.

धारच्या घरी झालं. हिरवा शालू, जरीचा, सासूबाईंच्या लग्नातला. वजन विचारू नका. फुलांचे दागिने : बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट. मला धनुष्यबाण देऊन बसवलं, मग होडीत, मग झोपाळ्यावर. काकांनी नेहमीप्रमाणे राघोबादादा पेशव्यांच्या आनंदीबाईंची गोष्ट काढली. राघोबादादा पळापळीत असताना त्या गरोदरपणी धारच्या किल्ल्यात आश्रयाला आल्या आणि 1775 मध्ये दुसरा बाजीराव तिथे जन्मला. काका गोष्ट नेहमी राजकारणाच्या अंगाने सांगतात, कोण कुणाच्या बाजूला होतं वगैरे. मी मात्र विचार करत होते की ती बाई अवघडलेल्या पोटाने एवढा प्रवास करून आली तेव्हा अंगावर काय होतं. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नाडी आवळलेली होती, जर टोचत होती, मुकुटातल्या मोगऱ्याने डोकं दुखत होतं. आणि मी इतकी खूश होते, की उतरवायला सांगितलं तर चिडले असते. आई दोनदा म्हणाली, बदल आता. मी म्हटलं, थांब, अजून मावशीबरोबर फोटो राहिलाय. हे मला आजही उलगडत नाही. शाळेत ज्या साडीने जीव जायचा, तिच्या दुप्पट वजनाची साडी मी संध्याकाळपर्यंत मिरवली. ती कुणी सक्तीने नेसवली नव्हती म्हणून, असं नवरा म्हणतो. तेही खरं नाही, डोहाळजेवणाला कुर्ता घालते म्हटलं असतं तर घरात काय झालं असतं ते मला ठाऊक आहे.

मोठ्या मॅडम आल्या होत्या, देवासहून एवढ्या लांब. माझी ओटी भरली, माझ्या पोटावर हात ठेवून फोटो काढून घेतला. म्हणाल्या, आता कशी अगदी शोभतेस. तो फोटो त्यांनी शिक्षकांच्या गटावर टाकला. शिक्षकांनी, पुरुषांनीसुद्धा, त्यावर फुलं आणि जोडलेले हात पाठवले. सोमवारी मी पुन्हा एप्रनमध्ये.

आता शाळेत बुधवार आणि शुक्रवारी कुर्ता चालतो. माझ्यामुळे नाही, साडीवाल्याने भाव वाढवला म्हणून. बागचा कुर्ता आधी नणंदेकडे गेला, तिच्याकडून परत आला, आणि हल्ली आमच्या इंग्रजीच्या नव्या शिक्षिकेकडे आहे. तिला सहावा लागलाय. परवा बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, अगं, उद्या तरी छान साडी नेस, फोटो येतील. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्हीच नेसा.’’