आधी काय सोडायचं

बिघडलेली पापणी दुरुस्त करून घ्यायला आलेला माणूस आरशात काय खटकतं ते सांगतो. मला आधी एवढंच विचारायचं असतं: झोपेत डोळा पूर्ण मिटतो का?

पवनानगरहून आलेल्या एका काकूंचे डोळे मिटत नव्हते. वरच्या पापण्या जड झाल्या म्हणून त्यांनी पूर्वी दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेतली होती. दिवसभर गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये काम. संध्याकाळी जवळच्या धरणावरून वारा सुटला की डोळे चुरचुरायचे. फ्लोरेसिनचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर बुबुळाच्या खालच्या भागात हिरव्या ठिपक्यांचा पट्टा. रात्रभर उघडा राहणारा भाग नेमका तेवढाच.

पापणी नीट मिटायला भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी लागते. काकूंकडे ती बरीच कमी होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे केस वळून डोळ्याला टोचतात, त्यावरची शस्त्रक्रिया आहे. तिथे भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून, जवाएवढीच कातडी काढायला सांगितलंय. काय कापायचं याच्या आधी काय सोडायचं! माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी आजही हेच आधी मोजायला लावते.

व्रण मऊ पडायला सहा महिने तरी द्यावेत, आणि घाई करणाऱ्यांना मी ठाम नकार देते. मात्र बुबुळाला इजा होत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. काकूंना शस्त्रक्रियेपर्यंत रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी.

जागेपुरती भूल देऊन आधी एका पापणीचा जुना व्रण सोडवला. "काकू, डोळे मिटा." पापणी खाली आली आणि मध्ये लालसर फट उघडली, कातडी कमी पडत होती ती तेवढी. कानामागची कातडी घेतली, तिच्या खालच्या बाजूचा चरबीचा कण न् कण कात्रीने काढला. अशी कातडी पुढे आक्रसते, म्हणून फटीपेक्षा थोडी मोठीच बसवली. ठिगळाचा रंग वेगळा दिसेल, हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "दिसण्याचं राहू द्या, डोळा मिटला पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या.

त्या डोळ्याच्या बुबुळावरचे ठिपके आता गेलेत. रंगातला फरक अजून आहे, उन्हाने तो वाढू नये म्हणून कामावर जाताना रुंद काठाची टोपी घालायला सांगितली आहे. दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर करू.