गायन पार्टीची तारीख

पुतण्या लातूरला क्लासला असतो. परवा नांदेडला आला तवा त्यानं मोबाईलवर एक इंग्रजी गाणं लावलं. नऊ मिनिटांचं. सुरवातीला बराच वेळ कुणी गातच नाही. नुसता ठोका अन् गिटार खरवडल्यागत आवाज. "काका, याला गॉथ म्हणतात. मसणवट्यातलं संगीत." म्हटलं, मसणवट्याचं आम्हाला शिकवू नको बाबा.

मग त्या बँडचा इतिहास वाचला. नाव बाउहाउस. इंग्लंडातलं नॉर्थम्प्टन, म्हणजे बूट करणाऱ्यांचं गाव. चार पोरं, त्यातले दोघं सख्खे भाऊ. १९७८ च्या अखेरीला जमले. २६ जानेवारी १९७९ ला वेलिंगबरोच्या बेक स्टुडिओत एका दमात हे गाणं घेतलं. ड्रॅक्युला झालेला नट बेला लुगोसी १९५६ साली वारला, त्याच्यावर. १९८३ ला बँड मोडला. कोणता दिवस, कोणती खोली, सगळं लिहून ठेवलेलं.

दोस्तहो, १९५६ चं मरण आपणही गातो. तुलना करत नाही. कुठं बाबासाहेब अन् कुठं तो पडद्यावरचा सोंगाड्या. पण गेलेल्या माणसासाठी रात्र रात्र गाणारी चार माणसं आपल्या वस्तीला नवी नाहीत. १९३१ च्या सुमाराला भीमराव कर्डकांनी तमाशाचा बाज घेऊन जलसा उभा केला. वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले. त्यांच्या मागं गायन पार्ट्या निघाल्या. पेटी, ढोलकी, खंजिरी, कोरसला दोघं.

नॉर्थम्प्टनची पोरं जमली त्याच साली, जुलैत, विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. ऑगस्टात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारेंनी नांदेडात जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ही नावं पार्ट्यांनी गाऊन गाऊन पोरासोरांच्या तोंडी बसवली. त्या गोऱ्या पोरांचा अंधार हौसेचा होता. वाईट म्हणत नाही, हौस पण लागते.

पण आपल्या पार्टीत पेटी कोण वाजवायचं? कोरसला कोण? हुतात्म्यांची जयंती-पुण्यतिथी आपण करतो, गाणारे मात्र कुठंच नोंदलेले नाहीत. रेकॉर्ड नाही, फोटो असला तर एखादा, तोही वाळवीनं खाल्लेला. पाच-दहा पैशांची गाण्यांची पुस्तकं रद्दीत गेली.

म्हणून वही घेऊन वस्तीत फिरायलोय. कळलं ते असं. ढोलकीवाला दिवसा मोंढ्यात हमाली करायचा. पेटी वर्गणीची. तिचे दोन सूर मेलेले, ते टाळून चाली बांधायचे. एक आजी म्हणली, "गॅसबत्ती आमच्या घरची असायची."

"पहिला कार्यक्रम कोणत्या साली, आजी?"

"साल कुठलं रं लेकरा. ज्या वर्षी आमचं घर जाळलं, त्याच्या पुढच्या वर्षी."

वहीत लिहिलं, १९७९.