झलक आणि आख्यान

पुस्तकाची गोडी लावणारी मिनिटभराची चित्रफीत विद्यार्थ्यांनीच तयार करावी, ही प्रथा अलीकडे शाळांतून रुजू लागली आहे. जाणते लोक तिला नाके मुरडतात. आम्हांस मात्र तीत कीर्तनाचीच रीत दिसते. बुवा पूर्वरंगात विषय मांडतात आणि आख्यान उत्तररंगासाठी राखतात. श्रोता त्या ओढीने बसून राहतो.

पण काय राखावे, हे सगळे वाचलेल्यालाच कळते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरील ज्या झलका आम्ही पाहिल्या, त्यांतील बहुतेकींत विझती समई, करुण सूर आणि आईचे अश्रू एवढाच ऐवज होता. (अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाचा संस्कार, दुसरे काय!) एका मुलीने मात्र पोहण्याचा प्रसंग निवडला. भीतीने लपलेला श्याम, त्याला मार देऊन बाहेर काढणारी आई. आणि चित्रफीत तेथेच थांबली. ही कठोर बाई कोण, हे जाणण्यासाठी पुस्तकच उघडावे लागते. बेचाळीस रात्रींपैकी नेमकी हीच रात्र उचलणे वरवर चाळणाऱ्याचे काम नव्हे.

तिच्या चित्रफितीत गुरुजींचे एकही वाक्य नव्हते. हक्कभंगाच्या धास्तीने शिक्षकांनी ती गाळली होती. धास्ती निराधार आहे. गुरुजी १९५० साली निवर्तले. १९५७ च्या कायद्यातील साठ वर्षांची मुदत २०१० अखेर संपली. वाक्ये खुशाल वाचावीत. नव्या आवृत्तीवरील चित्राचा हक्क निराळा, तेवढा सांभाळावा.

उत्सवात कीर्तनापूर्वी सभामंडपात अशा दोन-तीन झलका दाखविण्यास आमच्या देवस्थान समित्यांची हरकत नसावी. शेजारी पुस्तके मात्र मांडलेली हवीत.