रांगेत उभं राहण्याआधी

लग्नाची मिस्सा असो की मृत्यूची, ख्रिस्तशरीर द्यायची वेळ झाली की एकेक बाक रिकामा होत जातो. वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूला प्रत्येक चेहरा जवळून दिसतो. कुणी हातावर हात ठेवून शांतपणे येतो, कुणी नजर चुकवत ‘आमेन’ उरकतो. कुणाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नसतं. पण वसईच्या गावांत धर्मगुरू म्हणून वावरताना एवढं मात्र कळलं आहे, की बाकावर आपणच एकटे उरू नये म्हणून उठणारे पुष्कळ असतात.

पूर्वी मध्यरात्रीपासून काही न खातापिता ख्रिस्तशरीर घ्यावं लागे. बाकावर बसून राहिलेल्याने सकाळी काही खाल्लं असेल, असं लोक समजून घेत. १९५७ साली हा उपास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. सवलत चांगलीच होती. पण न जाणाऱ्याचा आडोसा गेला.

चुका दोन्ही टोकांच्या झाल्या. एके काळी लोक इतके दुरावले होते, की १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेला वर्षातून एकदा तरी, पास्काच्या काळात, ख्रिस्तशरीर घेण्याचा नियम करावा लागला. १९०५ साली दहाव्या पायस पोपांच्या काळात रोजच्या स्वीकाराला मोकळीक मिळाली. अटी दोनच : माथ्यावर गंभीर पाप नसावं आणि हेतू शुद्ध असावा. आज रांग लांबली, पण कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, येणारे कमी झाले.

तयारी नसताना घेतलेला संस्कार खोटा ठरतो का? गंभीर पाप मनात ठेवून एखाद्याने दृढीकरण घेतलं, तरी त्याच्या आत्म्यावरचा शिक्का खराच असतो. म्हणून तो संस्कार पुन्हा देत नाहीत. कृपेची वाट मात्र त्याने स्वतःच अडवलेली असते. पश्चात्तापाने ती मोकळी होते. प्रायश्चित्त संस्काराचं, म्हणजे कुमसाराचं, तसं नाही. तिथे पश्चात्तापच नसेल, तर संस्कारच होत नाही. आणि गंभीर पापाची जाणीव असून घेतलेलं ख्रिस्तशरीर हा त्या प्रभूचा अवमान ठरतो. संत पौलाने करिंथकरांना आधी स्वतःला पारखायला सांगितलं, ते याचसाठी.

तयारी म्हणजे पात्रता नव्हे. ख्रिस्तशरीर घेण्याआधी आपण सगळेच, धर्मगुरूसुद्धा, आपली अपात्रता मोठ्याने कबूल करतो. मन भरकटतं, प्रार्थनेत गोडी वाटत नाही, घरात कुणाला ताडकन बोललो, एवढ्यासाठी कुणी मागे राहू नये. गंभीर पाप ठाऊक असेल, तर आधी कुमसार करावा.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे : बाकावर बसून राहिलेल्याला ‘का नाही गेलास?’ असं विचारू नका. त्याने प्रभूचा मान राखला आहे. आणि बसून राहिलेल्याला सांगतो, पुढच्या रविवारी मिस्सेआधी या. कुमसार ऐकायला आम्ही तिथे असतो.